स्लोव्हेनियात निरोप घेताना काय म्हणायचं, उलट काय बोलायचं

प्रश्न नाशिकहून आला आहे. ऑक्टोबरपासून ल्युब्ल्यानात शिकायला येणारी एक विद्यार्थिनी विचारते: "अ‍ॅपवर ‘नस्वीदेन्ये’ आणि ‘अदीयो’ हे दोन शब्द शिकले. पण ज्यांच्याकडे खोली घेतली आहे त्या बाई व्हिडिओ कॉल संपवताना दर वेळी वेगळंच काही म्हणतात. कधी ‘स्रेच्नो’, कधी ‘लेप दान’, परवा ‘से स्लीशिवा’. मी नुसती हसते. यावर उलट काय म्हणायचं? मी स्वतः कधी काय म्हणू? आणि कुणाच्या घरी गेले तर निघायची रीत काय?"

मी इथे दुभाषी म्हणून काम करते आणि नव्यानं आलेल्यांना स्लोव्हेनियन शिकवते. निरोपाचा विषय मी पहिल्या काही तासांतच घेते, कारण व्याकरण कच्चं असलं तरी लोक सांभाळून घेतात, पण न बोलता निघून गेलेला माणूस त्यांच्या लक्षात राहतो.

तुमचे दोन शब्द बरोबर आहेत आणि त्यांवर महिनाभर सहज निभेल. पण इथली माणसं तेवढ्यावर थांबत नाहीत. निरोपाच्या शब्दामागोमाग ती एक सदिच्छा जोडतात, आणि ती समोरचा आता पुढे काय करणार आहे त्यावरून ठरते. तो गाडी घेऊन घरी निघालाय, झोपायला चाललाय, परीक्षेला बसणार आहे, डोंगर चढणार आहे की रजेवर चाललाय, हे आधी बघायचं. तुमच्या घरमालकीणबाई दर वेळी वेगळं म्हणतात ते यामुळे. त्या तुमचा पुढचा तास, पुढचा दिवस डोळ्यांसमोर आणून बोलत असतात.

उच्चाराचं एकदाच सांगते. खाली ‘च’ येईल तो ‘चित्र’मधला, आणि स्लोव्हेनियन शब्दांतला ‘ज’ हा ‘जहाज’मधल्या पहिल्या ‘ज’सारखा वाचा.

आधी पायाचे शब्द. ‘नस्वीदेन्ये’ म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. दुकान, बँक, डॉक्टर, प्राध्यापक, बसचा ड्रायव्हर, राहण्याच्या परवान्याच्या कामासाठी जिथे तुम्हाला जावं लागेल ते ‘उप्राव्ना एनोता’ नावाचं सरकारी कार्यालय, सगळीकडे हाच. ‘अदीयो’ ओळखीच्यांना. ‘च्याव’ बरोबरीच्यांना, विद्यापीठात तुमच्या कानावर बहुतेक हाच पडेल. ‘झीव्यो’ आणि ‘ज्द्रावो’ भेटताना जास्त चालतात, निघतानाही चालतात.

दुकानात शिरताना ‘दोबर दान’ (शुभ दिवस) आणि निघताना ‘ह्वाला (आभार), नस्वीदेन्ये’ म्हणायचंच, काही घेतलं नसलं तरी. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात अनोळखी माणसं बसलेली असतात. आत येणारा सगळ्यांना मिळून अभिवादन करतो आणि जाताना सगळ्यांचा निरोप घेतो. लिफ्टमध्येही तेच. आपल्याकडे अनोळखी माणसाशी असं बोलायची सवय नसते, त्यामुळे सुरुवातीला संकोच वाटेल. तरी म्हणा. खेड्यात तर रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही लोक अभिवादन करतात.

एक शब्द मात्र जपून. ‘ज्बोगोम’. शब्दकोशात निरोपाचा शब्द म्हणून तो सापडेल. त्यात देवाचं नाव आहे आणि गावाकडची श्रद्धाळू वयस्क माणसं तो मनापासून, अगदी रोजच्या निरोपालाही वापरतात. इतरांच्या कानाला मात्र तो कायमच्या ताटातुटीचा वाटतो. वर्गातल्या मैत्रिणीला संध्याकाळी ‘ज्बोगोम’ म्हणालात तर ती दचकेल.

आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ती सवय इथे बाजूला ठेवा. ‘ग्रेम दोमोव’, म्हणजे ‘मी घरी जाते’, यात कुणालाही काही अशुभ वाटत नाही. उलट ‘येते’चं शब्दशः भाषांतर करून ‘प्रीदेम’ म्हणालात तर यजमान खरंच विचारतील की कधी, आणि किती वाजता.

आता ‘स्रेच्नो’. माझा सगळ्यात आवडता, आणि या देशाचा स्वभाव सांगणारा शब्द. साधा अर्थ ‘भाग्य साथ देवो’, पण त्याचं वजन खाणींतून आलं आहे. खाणकामगारांचं हे अभिवादन. भेटतानाही ‘स्रेच्नो’, निघतानाही ‘स्रेच्नो’. पश्चिमेकडच्या इद्रियात 1490 च्या सुमारास पारा सापडला आणि पुढची पाचशे वर्षं तिथे खाण चालली. स्पेनमधल्या अल्मादेननंतर जगातली ही सर्वांत मोठी पाऱ्याची खाण, आणि 2012 मध्ये या दोन्ही जागा मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. पाऱ्याच्या वाफेनं माणसांचे हात थरथरायचे, दात जायचे. त्र्बोव्ल्ये आणि आसपासच्या गावांत कोळसा, वेलेन्येत लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा कोळसा. जमिनीखाली उतरणाऱ्याला ‘दिवस छान जावो’ म्हणणं कुणालाच पुरेसं वाटलं नसणार. वेलेन्येत आजही जुलैच्या सुरुवातीला नव्या खाणकामगारांचा सोहळा होतो. त्यात ते चामड्याच्या एप्रनवरून उडी मारून बिरादरीत दाखल होतात. त्या दिवशी गावभर हाच शब्द ऐकू येतो.

खाणींतून तो सगळीकडे पसरला, पण अजूनही जिथे थोडा धोका, थोडी अनिश्चितता आहे तिथेच तो सहज तोंडात येतो. परीक्षेला, मुलाखतीला, ऑपरेशनला, लांबच्या प्रवासाला, डोंगरावर. 2,864 मीटर उंचीचा त्रिग्लाव इथल्या ध्वजावरच्या राजचिन्हात आहे, आणि आयुष्यात एकदा तरी तिथे जाऊन यावं असं बहुतेकांना वाटतं. पायवाटेवर समोरून येणारा प्रत्येक जण बोलतो. दोन शब्द होतात, पुढे पाऊस आहे का, डोंगरावरची मुक्कामाची झोपडी उघडी आहे का, आणि मग ‘स्रेच्नो’. जाणकार गिर्यारोहक ‘वारेन कोराक’ असंही म्हणतात: पाऊल सुरक्षित पडो. गाडीनं निघालेल्याला ‘स्रेच्नो पोत’, सुखरूप वाट. परीक्षेच्या आधी मैत्रीण ‘द्र्झीम पेस्ती’ म्हणेल, म्हणजे ‘मी मुठी आवळून बसलेय’, आणि खरंच अंगठा आत घालून मूठ दाखवेल.

उत्तर काय द्यायचं ते परिस्थितीवर आहे. डोंगरावर दोघंही चालत आहात, तर ‘स्रेच्नो’ला ‘स्रेच्नो’. तुम्ही परीक्षेला चाललात आणि घरमालकीणबाई घरीच आहेत, तर ‘ह्वाला’ पुरे.

इथे एक सापळा आहे. ‘लेप दान’, म्हणजे ‘दिवस छान जावो’, यावर सगळे ‘ह्वाला, एनाको’ म्हणतात, ‘तुम्हालाही तसंच’. हे इतकं उपयोगी पडतं की नवीन माणूस ते प्रत्येक गोष्टीला लावतो. आजारी असताना कुणी ‘हीत्रो ओक्रेवान्ये’ म्हटलं, लवकर बरं वाटो, तर त्यावर ‘तुम्हालाही’ म्हणू नये. स्टेशनवर सोडायला आलेल्यानं ‘स्रेच्नो पोत’ म्हटलं, तर तो कुठेच जात नाहीये. सदिच्छा समोरच्यालाही लागू होत असेल तरच ‘एनाको’, नाहीतर नुसतं ‘ह्वाला’. आदरानं म्हणायचं तर ‘ह्वाला, तूदी वाम’, म्हणजे ‘आभार, आपल्यालाही’.

दिवसाच्या सदिच्छा भराभर सांगते. ‘लेप दान’ किंवा ‘लेप दान शे नप्रेय’, म्हणजे उरलेला दिवस छान जावो. शुक्रवारी दुपारपासून ‘लेप विकेंद’. संध्याकाळी ‘प्रियेतेन वेचेर’, संध्याकाळ छान जावो. रात्री ‘लाह्को नोच’, शुभ रात्री. हा फक्त निघताना किंवा झोपायला जाताना. रात्री कुणाकडे पोचलात तर ‘दोबर वेचेर’, शुभ संध्याकाळ. सुट्टीवर जाणारा विद्यार्थी असेल तर ‘लेपे पोचीत्नित्से’, नोकरदार असेल तर ‘प्रियेतेन दोपुस्त’, कारण शाळा-कॉलेजची सुट्टी आणि कामावरची रजा यांना वेगळे शब्द आहेत. चौकस विद्यार्थी विचारतात की ‘पोत’ स्त्रीलिंगी आहे, मग ‘स्रेच्ना पोत’ का नाही. कारण ‘मी इच्छिते’ हे क्रियापद गृहीत आहे आणि सदिच्छा त्याचं कर्म आहे. पुल्लिंगी ‘दान’ जसाच्या तसा राहतो, स्त्रीलिंगी ‘पोत’ आणि ‘नोच’ यांच्या आधीचं विशेषण बदलतं. एवढा नियम कळला की नव्या सदिच्छा तुम्ही स्वतः बनवू शकता.

‘से स्लीशिवा’ हे तुमच्यासाठी खास आहे. संस्कृतात द्विवचन होतं. शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलं असेलच. मराठीत ते उरलं नाही. युरोपातल्या जिवंत भाषांत ते पूर्ण जोमात टिकवून ठेवणाऱ्या फार थोड्या. स्लोव्हेनियन त्यांतली एक, आणि दुसरी जर्मनीच्या पूर्वेकडची सोर्बियन. तेव्हा ‘से स्लीशिवा’ म्हणजे ‘आपण दोघी बोलूच’: फक्त त्या आणि तुम्ही. त्यांचे पती शेजारी बसून बोलण्यात सामील असते तर त्या ‘से स्लीशिमो’ म्हणाल्या असत्या. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर ‘से वीदिवा’ आणि ‘से वीदिमो’. त्यांना उत्तर म्हणून तुम्हीही ‘से स्लीशिवा’च म्हणा. मोजून दोघंच आहोत हे क्रियापदातच सांगितलं जातं, आणि त्यात जवळीक आहे. दोन मित्रांमध्ये ‘से वीदिमो’ म्हटलं तर तिसरा कोण येणार आहे असं वाटू शकतं. पश्चिमेकडच्या काही बोलींत द्विवचन पुसट झालं आहे, त्यामुळे समुद्राकडची मैत्रीण कधी सरळ बहुवचन वापरेल. तुम्ही मात्र शिकताना द्विवचनच शिका.

‘मजेत राहा’ यासाठी एकाला ‘इमेय से लेपो’, दोघांना ‘इमेय्ता से लेपो’, तिघांना किंवा जास्त जणांना ‘इमेय्ते से लेपो’. आणि हेच शेवटचं रूप एका व्यक्तीलाही, जिला तुम्ही अहो-जाहो करता तिला. मराठी माणसाला हे समजायला कष्ट पडत नाहीत: ‘ती’ म्हणजे तू, ‘वी’ म्हणजे तुम्ही. आधीच्या पिढ्यांत मुलं आई-वडिलांनाही ‘वी’ म्हणत. आता घरात ‘ती’ आहे, पण अनोळखी, वयानं मोठे, कार्यालयातले, प्राध्यापक, सगळ्यांना ‘वी’. घरमालकीणबाईंना ‘वी’नंच सुरुवात करा. ‘तू म्हण’ हे मोठ्यांनी सुचवायचं असतं. त्या बहुधा पहिल्याच कॉफीला सुचवतील. त्यानंतर ‘अदीयो’, ‘च्याव’, ‘पाजी नासे’ (स्वतःला जप) हे सगळं मोकळं. त्याआधी ‘नस्वीदेन्ये’.

फोनवर एक लक्षात ठेवा. कॉल एका शब्दात संपत नाही. ‘नो, प्राव’ (बरं, ठीक), मग ‘पा से स्लीशिवा’, मग ‘अदीयो, अदीयो’, मग ‘च्याव, च्याव’. पहिल्या ‘अदीयो’ला फोन ठेवलात तर तुटक वाटतं. आपलं ‘चल, ठेवते मग’ जसं चार वेळा होतं, तितकंच हेही होतं.

घरी जाल तेव्हा दारातच बूट काढायचे. पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपाता ठेवलेल्या असतात, त्यांना ‘त्सोपाती’ म्हणतात. बहुतेक घरांत आधी एक लहान खोली असते, ‘प्रेद्सोबा’, आणि खरा निरोप तिथे होतो.

उठायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं ‘पोचासी बो त्रेबा इती’ म्हणायचं: हळूहळू निघायला हवं. एकदम उठून उभं राहू नये. यजमान म्हणतील, ‘काम से पा मुदी?’, एवढी घाई कुठे. ती निव्वळ औपचारिकता नसते. थोडा वेळ आणखी बसा, मग उठा. बाहेरच्या खोलीत सपाता काढून बूट घालताना गप्पा पुन्हा सुरू होतात, आणि दिवसभर न निघालेला विषय नेमका तिथे निघतो. कोट हातात घेऊन उभं राहायला तयार राहा. घरातल्या प्रत्येकाशी वेगळा हात मिळवायचा, लहान मुलाशीसुद्धा, डोळ्यांत बघून. जवळच्या मैत्रिणी गालाला गाल लावतात किंवा मिठी मारतात. तो पुढाकार त्यांच्याकडे राहू द्या. सगळ्यांना मिळून एकच हात हलवणं गर्दीच्या पार्टीत चालतं, घरगुती जेवणानंतर नाही.

वाइन पिकवणाऱ्या भागात निघताना एक शेवटचा पेला पुढे येईल, त्याचं नाव ‘शेंत्यांझेवेत्स’. 27 डिसेंबरला, संत योहानाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये वाइन आशीर्वादासाठी नेतात. या संताला विष घातलेली वाइन दिली गेली आणि त्याला काही झालं नाही, अशी कथा आहे. म्हणून ती आशीर्वादित वाइन वाटेला लागणाऱ्याचं रक्षण करते असं मानलं जायचं, आणि पुढे निरोपाच्या कुठल्याही शेवटच्या पेल्याला हेच नाव मिळालं. तुम्ही पीत नसाल तर रसाचा किंवा पाण्याचा पेला उचललात तरी चालेल, उचलणं महत्त्वाचं. गाडी चालवायची असेल तर ‘वोजिम’, म्हणजे ‘मी चालवतेय’, एवढं सांगा. कुणी आग्रह करत नाही.

मग पिशवी येते. बागेतली सफरचंदं, मुरंब्याची बरणी, अंडी, सणाचे दिवस असतील तर ‘पोतीत्सा’चे तुकडे. पोतीत्सा म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळी करून भाजलेला गोड पाव. या वाटेच्या खाऊला ‘पोपोत्नित्सा’ म्हणतात, आणि आपल्या ‘शिदोरी’सारखंच जाणाऱ्याला दिलेल्या चार शब्दांनाही तेच म्हणतात. ‘नको नको’ एकदाच म्हणा, नंतर घ्या. नाशिकहून येताना तुम्ही चिवडा-लाडू आणालच. पहिल्या भेटीला थोडे घेऊन गेलात तर हात रिकामा वाटणार नाही.

दारात शेवटी दोन वाक्यं हमखास येतात. ‘प्रीदी शे काय’, पुन्हा ये. आणि ‘पोज्द्रावी दोमा’, घरच्यांना नमस्कार सांग. दुसऱ्याला उत्तर ‘ह्वाला, बोम’, म्हणजे ‘हो, सांगेन’. आणि खरंच सांगा. पुढच्या भेटीत ‘आईनं तुम्हालाही नमस्कार सांगितलाय’ असं म्हणालात तर त्या बाईंना जो आनंद होईल तो माझ्या कुठल्याही धड्यानं होणार नाही. तुमच्या आईचं नाव त्या लक्षात ठेवतील. यजमान बहुधा गाडीपर्यंत किंवा फाटकापर्यंत येतात आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत हात हलवतात; तुम्हीही वळून हलवा.

छंद आणि व्यवसायांच्या स्वतःच्या सदिच्छा आहेत. मधमाश्या पाळणाऱ्याला ‘नाय मेदी’, मध ओसंडू दे. हा मधमाश्यांचा देशच आहे: 1734 मध्ये जन्मलेला आंतोन यान्शा व्हिएन्नात मधमाशीपालनाचा शिक्षक झाला, आणि स्लोव्हेनियाच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2017 मध्ये 20 मे हा जागतिक मधमाशी दिन ठरवला, तो त्याच्या जन्मदिवसावरून. अग्निशमन दलाचे स्वयंसेवक एकमेकांना ‘ना पोमोच’, मदतीला, असं म्हणतात आणि पत्राच्या शेवटीही तेच लिहितात. शिकाऱ्याला ‘दोबर पोग्लेद’, नजर चांगली लागो. गळ टाकून बसलेल्याला ‘दोबर प्रियेम’, मासा चांगला लागो. समुद्रावर जाणाऱ्याला ‘मीर्नो मोर्ये’, दर्या शांत असो. तुमच्या घरमालकीणबाईंच्या बागेत पोळ्यांच्या रंगीत पेट्या दिसल्या तर ‘नाय मेदी’ म्हणून बघा. जुन्या कागदपत्रांची भाषांतरं करताना मला आणखी एक शेवट भेटतो. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पत्रं ‘स्म्र्त फाशीज्मू, स्वोबोदा नारोदू’ या ओळीनं संपत: फॅसिझमला मृत्यू, जनतेला स्वातंत्र्य. लढणाऱ्यांचा नारा कार्यालयीन पत्राचा समारोप झाला होता. आज ती ओळ रोजच्या पत्रात नाही.

दुःखाच्या घरी यातलं काहीच वापरू नका. हात हातात घेऊन ‘इस्क्रेनो सोझाल्ये’, मनापासून दुःख झालं, एवढंच. निघतानाही आवाज खाली ठेवून ‘नस्वीदेन्ये’. ‘लेप दान’ सवयीनं तोंडात येईल, ते आवरा.

शेवटी ईमेल, कारण तुमचा विद्यापीठाशी पहिला संबंध तिथेच येईल. प्राध्यापक आणि कार्यालयांना शेवटी ‘स स्पोश्तोवान्येम’, म्हणजे आदरपूर्वक. एकदोन पत्रांनंतर त्यांनी ‘लेप पोज्द्राव’ (शब्दशः ‘छान नमस्कार’) लिहिलं तर तुम्हीही तेच लिहू शकता. वर्गमित्र त्याची दोनच आद्याक्षरं लिहितात, तुम्हीही त्यांना लिहा. प्राध्यापकांना मात्र ते शब्द पूर्ण लिहा, त्यांनी स्वतः आद्याक्षरं लिहिली असली तरी.